शेवाळाचा सोबती

सकाळी खिडकीचा पडदा सारला आणि शर्वरी खापर्डे जागच्या जागी थबकली. हौद पुन्हा हिरवा झाला होता.

परवाच तिने त्यात नेहमीच्या दुप्पट क्लोरीन टाकलं होतं. काल दिवसभर लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासल्या होत्या, गाळणयंत्रात पाणी उलटं फिरवून त्यातली घाण बाहेर काढली होती. संध्याकाळी पाणी छान नितळ होतं. आणि आता वाटलेल्या पुदिन्यासारखा रंग.

हौद म्हणजे घरामागचा पोहण्याचा तलाव. तिच्या नवऱ्याने, विनायकने तो हौसेने बांधला होता. शर्वरी तरुणपणी राज्य पातळीवर पोहलेली. विनायक गेला, ती शाळेतून निवृत्त झाली, आणि मग त्या हौदात तिने सांधेदुखीच्या बायकांना पाण्यातले व्यायाम शिकवायला सुरुवात केली. जमिनीवर चार पावलं टाकताना रडकुंडीला येणाऱ्या बायका पाण्यात शिरल्या की हलक्या होत आणि सुनांच्या तक्रारी करत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत.

विदर्भातल्या त्या शहरात खाजगी हौद आता फारसे उरलेच नव्हते. उन्हाळे इतके कडक झाले होते आणि पाणी इतकं दुर्मीळ, की उपचाराचं कारण असेल तरच हौद ठेवायची परवानगी मिळे. हौदातलं जुनं पाणी नालीत सोडायला बंदी होती. ते वेगळ्या नळाने शुद्धीकरण केंद्रात जाई, तिथून वाघबोडी तलावात, आणि तलावातून क्लोरीन मिसळून पुन्हा शहराच्या नळाला. एक थेंब वाया घालवायचा नाही, असा नियम होता. या शेवाळापायी शर्वरीने हौद दोनदा पूर्ण रिकामा करून, भिंती आम्लाने धुऊन, पुन्हा भरला होता. ते सगळं पाणी त्याच नळाने गेलं होतं.

ती ब्रश घ्यायला वळली तेवढ्यात फोन वाजला. वत्सलाताई बोरकरांची सून बोलत होती.

"काकू, आईंना दवाखान्यात भरती केलंय. परवापासून जुलाब होत होते, आता त्यात रक्त पडतंय. डॉक्टर विचारतात, कुठलं पाणी पोटात गेलं?"

वत्सलाताईंना पाण्यात बोलायची इतकी सवय, की गप्पांच्या भरात एखादा घोट त्यांच्या तोंडात जायचाच.

"हौदातलं गेलं असेल," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांग. स्पष्ट सांग."

तिने वर्ग बंद केला. फाटकाला कुलूप लावलं. मग हौदाच्या काठावर बसली. व्यायामाची एक जाड रबरी चटई कोपऱ्यात तरंगत पडलेली असे. ती तिने ओढून काढली, तर तिच्या सावलीतली भिंत तेवढी स्वच्छ होती. बाकी सगळीकडे बुळबुळीत थर, आणि तिथे काही नाही. चटईच्या कडेबरोबर थर संपला होता. तिने मान वर केली. वर घराचं छत होतं, आणि छतावर उन्हात चमकणाऱ्या हिरव्या पट्ट्या.

त्या पट्ट्या तिच्या मुलाने, निषादने बनवल्या होत्या.

लोक त्यांना हिरवं छत म्हणत. दोन पारदर्शक पत्र्यांमध्ये पाण्याचा पातळ थर आणि त्यात शेवाळ. ऊन पडलं की शेवाळ ते पिऊन घेई, आणि खालच्या खोलीला झळ लागत नसे. चिंचटोलीच्या वस्तीत, जिथे टिनाच्या छपराखाली दुपारी माणसं अक्षरशः भाजून निघत, तिथे दोन वर्षांपूर्वी ही छतं बसली आणि त्या उन्हाळ्यात वस्तीतलं एकही म्हातारं माणूस दगावलं नाही. वस्तीने निषादला हार घातले होते. पहिलं छत मात्र त्याने आईच्या घरावर बसवलं होतं, चाचणीसाठी.

दुपारी निषाद आला. चेहऱ्यावर थकवा होता, पण डोळे लकाकत होते. सोमवारी वाघबोडीवर मोठा कार्यक्रम होता. सगळ्या तलावावर तरंगत्या हिरव्या पट्ट्या अंथरायच्या, म्हणजे उन्हाने पाणी उडून जाणार नाही. गेली चार वर्षं तो त्याच एका कामामागे होता.

"तुझं छत गळतंय का रे?" शर्वरीने विचारलं.

"सांध्यातून थोडं झिरपत असेल. का?"

"ते हौदात उतरलंय."

तो हसला. "उतरलं तरी जगणार नाही, आई. मी त्याला कुलूप घातलंय. या शेवाळाला ब-बारा जीवनसत्त्व लागतंच, आणि ते त्याला स्वतःला बनवता येत नाही. त्याच्याशिवाय जगण्याची सोयच मी काढून टाकली. छतातल्या पाण्यात आम्ही ते घालतो. बाहेर पडलं की उपाशी मरतं. तुझं शेवाळ साधं असणार. गाळणयंत्र बदल."

तो जेवून गेला. शर्वरीने एका स्वच्छ बाटलीत हौदाचं पाणी भरलं, भिंतीवरचा थर खरवडून दुसऱ्या बाटलीत घातला, आणि रिक्षा केली.

डॉ. समीना काझी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. शाळेत असताना शर्वरीने तिला पोहायला शिकवलं होतं. समीनाने बाटल्या ठेवून घेतल्या आणि काही दिवसांनी फोन न करता एकदम घरीच आली. बसायला सांगितलं तरी उभी राहिली.

"बाई, हे निषादचंच शेवाळ आहे. जनुकं वाचली मी. त्याने केलेले बदल जसेच्या तसे आहेत."

"तो म्हणाला, बाहेर जगत नाही."

"एकटं असतं तर नसतंच जगलं." समीनाने फोनवर एक चित्र दाखवलं. हिरव्या गोल पेशी, आणि त्यांना बिलगलेले बारीक बारीक दांडे. "हे जिवाणू मातीत कुठेही असतात. ते ब-बारा बनवतात. शेवाळ त्यांना साखर देतं, ते शेवाळाला जीवनसत्त्व देतात. निषादने कुलूप पक्कं घातलं होतं, पण किल्ली शेजाऱ्याकडे निघाली. निसर्गातली बरीच शेवाळं अशीच जगतात. त्याने ती शक्यता तपासली होती, पण बंद बाटलीत, निर्जंतुक पाण्यात."

"आणि क्लोरीन?"

समीना आता खुर्चीत बसली. "कडक उन्हात पेशीच्या आत जाळणारी द्रव्यं तयार होतात. छतावर टिकायचं तर ती विझवायला हवीत, म्हणून त्याने शेवाळात ती विझवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, भरभरून घातली. क्लोरीनही पेशीला असंच जाळतं. उन्हासाठी दिलेली ढाल क्लोरीनलाही पुरते. शिवाय हे भोवती चिकट वेष्टण करतं. तुम्ही जेवढं क्लोरीन ओतता ते वेष्टणातच संपतं, आत पोचत नाही. आत काय काय मजेत राहतंय ते सांगू? दवाखान्याचा अहवाल मागवला मी. वत्सलाबाईंच्या आतड्यात जे जंतू सापडले, ते इथे आहेत. त्यांच्यासाठी हे घर आहे, बाई. क्लोरीन न लागणारं घर."

"मी हौद दोनदा रिकामा केला, समीना. ते पाणी केंद्रात गेलं."

"केंद्रातल्या टाक्या उघड्या आहेत. ऊन पडतं त्यांच्यावर." समीना म्हणाली. "थोडंबहुत तिथे असणारच. ते अजून आवरता येईल. पण सोमवारी जर ते संपूर्ण तलावावर अंथरलं, आणि पट्ट्या तर आज ना उद्या तडकणारच, तर मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. शहराचं सगळं पाणी आपण क्लोरीनच्या भरवशावर पितो."

"तू सांग ना महापालिकेला."

"सांगेनच. पण हौद तुमचा, छत तुमचं, मुलगा तुमचा. मी एकटी बोलले तर म्हणतील, विद्यापीठातल्या बाईला प्रसिद्धी हवीय. तुम्ही आलात तर ऐकतील."

रविवारी शर्वरीने निषादला बोलावून घेतलं आणि हौदाच्या काठावर उभं राहून सगळं सांगितलं. समीनाने पाठवलेली चित्रं त्याने पुन्हापुन्हा पाहिली.

"मला दोन महिने दे," शेवटी तो म्हणाला. "मी दुसरं कुलूप बसवतो. दोन बसवतो."

"आणि उद्याचा कार्यक्रम?"

"उद्याचा थांबला तर माझी कंपनी संपली, आई. आणि नुसती कंपनी नाही. हे बाहेर कळलं की दुसऱ्या दिवशी सगळी छतं रिकामी करायला लावतील. एप्रिल चाललाय. चिंचटोलीत काय होईल, विचार केलास? टिनाखाली माणसं मरतात. ती मेलेली मी पाहिलीत, तू नाही."

"वत्सलाताईंची मूत्रपिंडं काम करेनाशी झालीत. त्या यंत्रावर आहेत."

"त्याचं मला वाईट वाटतं. पण एक बाई कुठे आणि..." तो स्वतःच थांबला.

"पुरं कर वाक्य," शर्वरी म्हणाली.

निषादने शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. "तुला वाटतं हे विष आहे. मी उतरून दाखवतो. लहानपणापासून या हौदात पोहलोय."

शर्वरी शिडीसमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी तिने कठडा धरला. ती हलली नाही. मायलेक कितीतरी वेळ तसेच उभे होते. मग त्याने बटणं लावली.

"उद्या तू येऊ नकोस," तो म्हणाला आणि गेला.

सोमवारी सकाळी वाघबोडीच्या काठावर मांडव घातला होता. पाण्यालगत पट्ट्यांच्या गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या आणि पहिली गुंडाळी क्रेनच्या हुकाला लावलेली होती. पाणीपुरवठ्याच्या मुख्य अभियंता रजनी गजभिये पुढच्या रांगेत होत्या. शर्वरी आणि समीना मांडवात शिरल्या तेव्हा निषाद माइकपाशी होता. आईच्या हातातली बाटली त्याने पाहिली आणि त्याचं बोलणं अडखळलं.

शर्वरी थेट गजभियेंपुढे जाऊन उभी राहिली. आपलं नाव सांगितलं, बाटली पुढे केली आणि म्हणाली, "हे माझ्या हौदातलं पाणी आहे. यात छतावरचं शेवाळ वाढतंय. नेहमीच्या दुप्पट क्लोरीन टाकूनही वाढतंय. ते तलावात सोडू नका."

मांडवात कुजबुज सुरू झाली. निषाद घाईने खाली आला. "मॅडम, माफ करा. माझी आई आहे. त्यांच्या मैत्रिणीची तब्येत बिघडलीय, त्याचा फार धक्का बसलाय त्यांना. हौदाची देखभाल नीट नव्हती, एवढंच आहे. वयामुळे त्यांना झेपत नाही आता."

शर्वरीने त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपला मुलगा अनोळखी वाटला. समीनाने पुढे होऊन चित्रं गजभियेंच्या हाती दिली.

गजभियेंनी ती शांतपणे पाहिली. उभ्या आयुष्यात त्यांनी फक्त पाण्याचं काम केलं होतं. समीनाला त्यांनी काही विचारलं नाही, शर्वरीलाही नाही. त्या निषादकडे वळल्या.

"मला एकच सांगा. हे छताबाहेर जगतं की नाही?"

क्रेनवाल्याने यंत्र सुरू केलं होतं. गुंडाळी जमिनीपासून उचलली गेली आणि पाण्याकडे सरकू लागली. निषादने एकदा तिकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"बोला," गजभिये म्हणाल्या.

"जगतं," तो म्हणाला.

त्याने स्वतःच हात वर करून क्रेन थांबवली.

पुढचं बरंचसं तो म्हणाला होता तसंच झालं. पाणी उकळून प्या, अशी दवंडी शहरभर फिरली. केंद्रातल्या दोन टाक्यांमध्ये हिरवा थर सापडला, तलावात मात्र अजून नव्हता. त्यावर उपाय काय, याची मोठी चर्चा झाली. बैठकीत शर्वरीने चटईखालच्या स्वच्छ भिंतीची हकिकत सांगितली आणि समीनाने तोच धागा पकडला. शेवाळाला क्लोरीन मारत नसेल, तर अंधार मारेल. ऊन नाही तर साखर नाही, साखर नाही तर सोबती जिवाणूही उपाशी. वेष्टण विरघळलं की आतल्या जंतूंना क्लोरीन गाठेल. केंद्राच्या टाक्यांवर काळी ताडपत्री ताणली गेली. शर्वरीच्या हौदावरही. कडा दगडांनी दाबल्या, एक फट राहू दिली नाही.

आणि सगळी हिरवी छतं रिकामी करायचा हुकूम निघाला.

निषादने तो स्वतः पाळला. माणसं घेऊन तो घरोघर फिरला, पट्ट्यांतलं पाणी बंद टाक्यांमध्ये भरलं, औषध घालून मारलं. आईच्या छतावर त्याने दुसऱ्याला पाठवलं. फोन नाही, निरोप नाही. वत्सलाताई हळूहळू यंत्रावरून उठल्या, घरी आल्या. शर्वरी भेटायला गेली तेव्हा त्यांनी तिचा हात धरून ठेवला, पण पाण्याचा विषय निघताच मान फिरवली.

मे उजाडला तसा पारा चढत गेला. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना. एके दिवशी सकाळीच फोन वाजला. कित्येक आठवड्यांनी निषादचा आवाज.

"चिंचटोलीतले नेवारे गेले. काल दुपारी, घरातच. उष्माघात." तो सपाट आवाजात बोलत होता. "पहिला हार त्यांनी घातला होता मला. तुला कळावं म्हणून फोन केला."

"मी येते," शर्वरी म्हणाली.

"कशाला? काय सांगणार आहेस त्यांना?"

"खरं ते सांगेन."

त्याने फोन ठेवला, पण ती वस्तीच्या तोंडाशी पोचली तेव्हा तिथे उभा होता. मांडवातल्या त्या सकाळनंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. तो बारीक झाला होता.

"मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला..." त्याने सुरुवात केली.

"नंतर," ती म्हणाली. "आधी तिथे जाऊ."

नेवारेंची बायको, गिरजाबाई, दाराशी ओला पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. आतून भट्टीसारखी झळ येत होती. शर्वरी त्यांच्यापुढे जमिनीवर बसली, गुडघे दुखत असतानाही. ती म्हणाली, "छत रिकामं करायला मी लावलं. पाण्यात रोग शिरला होता म्हणून. पण लावलं मीच."

गिरजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. राग होता की नाही, कळेना. मग त्यांनी विचारलं, "आमचं तर ते छतच होतं जी. तुमी कुठं बसता दुपारचं?"

पंखा होता शर्वरीच्या घरात, जाड भिंती होत्या, झाडं होती. आणि ताडपत्रीखाली झाकलेलं, कुणी न वापरलेलं एवढं पाणी होतं. ती उठली. रस्त्यात तिने निषादला विचारलं, "समीनाकडून हौदाच्या पाण्याची तपासणी करून घ्यायची तर किती वेळ लागेल?"

दुसऱ्याच दिवशी मायलेकांनी ताडपत्री ओढली. खालून कुजका वास आला. पाणी चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं, पण भिंतीवरचा थर हाताने निघत होता. निषादने तळातला गाळ नळीने ओढून काढला, शर्वरीने क्लोरीन टाकलं. पहिल्यांदाच ते क्लोरीन पाण्यात टिकलं. समीनाने नमुने नेले. ती नाही म्हणाली तेव्हा त्यांनी पुन्हा गाळलं, पुन्हा घासलं. दुसऱ्या खेपेला तिने होकार दिला.

मग चिंचटोलीतून म्हाताऱ्या बायका-माणसं येऊ लागली. दुपारच्या कडक वेळी हौदावर सावलीचं कापड ताणलेलं असे आणि कमरेइतक्या पाण्यात माणसं बसलेली, उभी, भिंतीला टेकलेली. शर्वरी त्यांना पाण्यात चालायला शिकवी. निषाद तासातासाला पाणी तपासून बघे आणि मधल्या वेळात पाण्यात उतरून एकेकाला आधार देई. कंपनी बुडाली होती. त्याबद्दल तो बोलत नसे. मांडवातल्या त्या वाक्याबद्दल एकदा बोलला होता, भिंत घासता घासता, तिच्याकडे पाठ करून. तिने ऐकून घेतलं होतं आणि ब्रश त्याच्या हातातून घेतला होता.

गिरजाबाई बरेच दिवस आल्या नाहीत. एका दुपारी फाटकाशी उभ्या दिसल्या. निषाद स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला. पहिल्या पायरीवर त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"पाय टेकवा, आजी," तो म्हणाला. "मी सोडत नाही."

त्या उतरल्या. पाणी कमरेपर्यंत आलं तशा त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "ते छत पुन्हा लावशील का रे बापू?"

हौदाच्या दुसऱ्या टोकाला शर्वरी एका बाईचा खांदा धरून तिला चालवत होती. ती थांबली.

"नवीन बनवतोय," तो म्हणाला. "बनलं की पहिलं आईला दाखवीन. ती हो म्हणाली तरच."

शर्वरीने ते ऐकलं. बाईच्या खांद्यावरचा हात जरा घट्ट केला आणि पुढचं पाऊल टाकायला सांगितलं.